शिफ्टवाले भाऊ

डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि डोळ्यांवर गॉगल चढवून वरणाला फोडणी देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मोहरी तडतडायला लागली की हा गृहस्थ एक पाऊल मागे सरकायचा, लांब दांड्याची पळी पुढे करायचा आणि फोडणी वरणात सोडून झाली की हेल्मेट काढून खुंटीला अडकवायचा. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा हातातला चहा तसाच राहिला. त्यांनी मला समजावून सांगितलं, "सर, गरम तेल आनि पानी समोरासमोर आलं की ॲक्सिडेंट ठरलेला. किचन म्हंजे पन प्लांटच."

हे आमच्या मुख्याध्यापिका बाईंचे यजमान. आमची शाळा पेणजवळच्या खाडीतल्या एका बेटावर आहे. पाचवीपर्यंतचे वर्ग आणि शिक्षक दोन, बाई आणि मी. मी पेणला राहतो आणि रोज येऊन-जाऊन करतो. पेणहून एसटीनं धक्क्यापर्यंत यायचं आणि तिथून नामाच्या होडीनं पलीकडे जायचं. ओहोटी असली तर चपला हातात आणि पाय गुडघाभर चिखलात. बाईंनी मात्र पहिल्यापासून बेटावरच बिऱ्हाड केलं. बाई, हे यजमान आणि त्यांची एकुलती एक मुलगी सायली. गावात यजमानांना सगळे "शिफ्टवाले भाऊ" म्हणतात.

भाऊ मूळचे रोह्याकडचे. घरची भातशेती, वालाचं पीक, आणि नोकरी धाटावच्या एका कंपनीत ऑपरेटरची. बाईंची नेमणूक बेटावर झाली तेव्हा सायली पाळण्यात होती. तिला सांभाळायला कोणी नव्हतं. बेटावर यायला दुसरे शिक्षक तयार नव्हते. भाऊंनी एक दिवस कंपनीला रामराम ठोकला आणि पाळणा, पातेली आणि ते हेल्मेट घेऊन बेटावर हजर झाले. बायकोच्या नोकरीसाठी घरी बसलेला पुरुष म्हणून रोह्यात बरंच हसं झालं. भाऊ सगळ्यांना एकच उत्तर देत. "ट्रान्सफर घेतली. होम डिपार्टमेंटला."

कंपनी सुटली, पण शिफ्ट सुटली नाही. सकाळचा स्वयंपाक फर्स्ट शिफ्ट, धुणंभांडी जनरल, रात्रीचं जेवण सेकंड. मिक्सर बंद पडला की ब्रेकडाऊन. दिवाळीची साफसफाई म्हणजे शटडाऊन, आणि त्या दिवशी घरात पाऊल टाकायला बाईंनासुद्धा परमिट लागायचं. संध्याकाळी बाई शाळेतून घरी आल्या की भाऊ दारातच त्यांच्याकडे चार्ज द्यायचे. भात झालाय, आमटी उकळतेय, सायलीचा पाढा तेरावर अडकलाय, मांजर दुपारपासून गैरहजर आहे. शाळेत ज्यांच्या नुसत्या पाहण्यानं चौथीचा वर्ग चिडीचूप होतो त्या बाई हे सगळं ऐकून घ्यायच्या, "बरं" म्हणायच्या आणि मग हातपाय धुवायला जायच्या. एकदा मी घाईघाईत मधूनच काहीतरी विचारलं, तर बाईंनीच मला हातानं थांबवलं. चार्ज पुरा झाला नव्हता.

बेटावरच्या बायकांना आधी भाऊंची फार गंमत वाटायची. पुरुष मिठागरावर किंवा खाडीत मासेमारीला गेलेले, बायका डोक्यावर पाट्या घेऊन बाजाराला निघालेल्या, आणि हा बाप्या गडी ओट्यावर बसून पोरीची वेणी घालतोय. वेणीसुद्धा दोरखंड वळल्यासारखी पक्की. एकीनं म्हणे विचारलंच, "भाऊ, माझ्या पोरीचीपन घालाल का ओ?" झालं. शाळा भरायच्या आधी बाईंच्या ओट्यावर वेण्यांची रांग लागायला लागली. आमच्या शाळेतल्या मुलींच्या वेण्या संध्याकाळपर्यंत केसभरही ढिल्या होत नाहीत, याचं श्रेय त्या कंपनीच्या मेंटेनन्स डिपार्टमेंटला जातं.

बांधावर वाल लावायचा त्यांचा उद्योग मात्र कधी यशस्वी झाला नाही. खाऱ्या मातीत वाल रुजत नाही हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत, पण भाऊ दर हिवाळ्यात वाल लावायचे आणि तो मेला की "ट्रायल बॅच होती" म्हणायचे.

एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. हा माणूस बेट सोडून कुठे जात नव्हता. रोह्याला भावाकडे लग्न निघालं की बाई आणि सायली जायच्या आणि भाऊ प्लांट सांभाळायचे. किराणा नामा आणून द्यायचा. गणपतीला तर कमालच होती. अख्खा मुलूख मूर्ती न्यायला पेणला येतो, आणि पेण इतकं जवळ असताना हे गृहस्थ खाडीच्या मातीचा गणपती घरी करायचे. सोंड एकीकडे, कान दुसरीकडे. "लोकल मटेरियल," भाऊ अभिमानानं सांगायचे. बाई हळद-कुंकू वाहताना म्हणायच्या, "देव समजून घेतो." मला वाटायचं, रोह्याच्या लोकांनी चेष्टा केली ते मनाला लागलं असेल, म्हणून माणूस गावाकडे पाठ फिरवून बसलाय.

मग सायली पाचवी पास झाली.

पुढच्या शिक्षणाला पेणला जावं लागतं. मुलगे आपापले जातात. मुली पाचवीनंतर घरी बसतात, हे बेटावर वर्षानुवर्षं चालत आलेलं. बाई दर वर्षी पालकांना देवळात बोलवायच्या, समजावायच्या, रागवायच्या, आणि दर वर्षी मुली घरीच बसायच्या. त्या वर्षी सायलीच्या बरोबरीच्या चार मुली होत्या, चारी हुशार. पालकांचं म्हणणंही खोटं नव्हतं. एक बाप म्हणाला, "बाई, शिकवायला ना नाय. पन पोरींसंगती होडीत कोन बसल? आमी मिठागराव, बायका बाजाराला. येकट्या पोरी कशा धाडू?"

बाई खाली मान घालून बसल्या होत्या. तेवढ्यात मागून, चपलांच्या ढिगाऱ्याजवळून भाऊंचा आवाज आला.

"फर्स्ट शिफ्टला मी मोकळा हाय."

लोकांना हायसं वाटलं. बाईंनी मात्र वळून नवऱ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या दिवशी मी धक्क्यावर उभा होतो. होडी समोरून आली. मधोमध भाऊ, डोक्यावर हेल्मेट, पोटाशी तरंगायला म्हणून तेलाचा रिकामा कॅन कवटाळलेला. पाची मुलींच्या हातातही एकेक कॅन. चालायच्या आधी पोहायला शिकलेल्या त्या पोरी हसून हसून लोळत होत्या. भाऊ त्यांना कंपनीतले किस्से मोठ्या आवाजात सांगत होते आणि सांगताना नामाच्या पाठीशिवाय कशाकडेही बघत नव्हते. धक्क्याला लागल्यावर त्यांनी मुलींना मोजून एसटीत बसवलं, कंडक्टरकडे रीतसर चार्ज दिला आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवला. संध्याकाळी त्यांना आणायलाही तेच येणार होते.

परतीच्या होडीत आम्ही दोघेच असायचो. त्या प्रवासात भाऊ एक अक्षर बोलत नसत. फळीवर न बसता खाली होडीच्या तळाशी बसत आणि डोळे मिटून घेत. लवकर उठून स्वयंपाक करतात, डुलकी घेत असतील असं मी समजायचो.

आषाढातल्या एका सकाळी असंच परतताना खाडीच्या मध्यावर नामाचं मशीन बंद पडलं. वारा होता, होडी गरगर फिरायला लागली. नामा खटपट करत होता, जमेना. मला आठवलं, अरे, आपल्याबरोबर तर प्लांटचा माणूस आहे. म्हटलं, भाऊ, जरा बघता का. भाऊंनी डोळे उघडले. दोन्ही हातांनी फळी धरली होती आणि बोटं पांढरी पडली होती.

"सर," ते अगदी हळू म्हणाले, "पानी दिसलं की माझे हात चालत नाय."

थोड्या वेळानं नामानंच मशीन सुरू केलं. बेटाला लागल्यावर भाऊ बांधावर बराच वेळ बसून राहिले आणि मीही शाळा विसरून शेजारी बसलो. मग त्यांनी सांगितलं. लहानपणी रोह्याला कुंडलिका नदीत बुडता बुडता वाचले होते, तेव्हापासून हे असं. बेटावर पहिल्यांदा आले ते सायलीला उराशी धरून, डोळे मिटून. त्यानंतर जमेल तितकं पाणी टाळलं. मी विचारलं, बाईंना माहीत आहे का.

"नाय. लग्नात सांगायचं राहिलं. मग रोज राहतच गेलं," भाऊ म्हणाले. "आनि आता तर पोरीपन मागं बसतात. त्यांना कळलं की मी भितो, तर त्यापन भितील."

त्या दिवशी उशिरा शाळेत गेलो. बाई रागावतील म्हणून कारण तयार ठेवलं होतं. पण बाई वर्गात नव्हत्या. शाळेच्या मागच्या पडवीत खाडीकडे तोंड करून उभ्या होत्या. गरगरणारी होडी त्यांनी तिथून पाहिली होती, आणि मला पाहून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग माझ्याकडे न बघताच बोलल्या. लग्न ठरलं तेव्हाच सासूबाईंनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, याला पाण्याजवळ नेऊ नको गो. "आणि मी त्यांना बेटावर घेऊन आले," बाई म्हणाल्या. "मला ठाऊक आहे हे त्यांना कळू देऊ नका, सर. लपवण्यातच त्यांचा सगळा धीर आहे."

मी दोघांचं गुपित पोटात ठेवून रोज त्याच होडीतून जाऊ लागलो. दोन्ही बाजूंनी एकच गुपित सांभाळणं किती अवघड असतं, हे ज्याचं त्यालाच कळेल. मुली मात्र मजेत होत्या. सहावी झाली, सातवी झाली. पुढच्या वर्षी बेटावरच्या आणखी तीन मुली त्या होडीत चढल्या.

यंदा बाईंची बदली पेणला झाली. माझ्यासमोरच त्यांनी घरी ही बातमी सांगितली. इतका उजळलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. पेणमध्ये खोली, सायलीची शाळा चालत जाण्याइतकी जवळ, रोहा रेल्वेनं हाकेवर, आणि होडी कायमची बंद. भाऊंनी सगळं नीट ऐकून घेतलं, गॅस बारीक केला आणि विचारलं, "बाकीच्या पोरींचं काय?"

बाई म्हणाल्या की काहीतरी सोय होईल.

"कोन करील?" भाऊंनी विचारलं. "मॅडम, पुढच्या पाळीचा रिलिव्हर आल्याशिवाय पॉइंट सोडायचा नसतो. विनंती करून थांबता येत असंल तर थांबूया. त्या दहावी होईपर्यंत."

बाई कपबशा उचलून आत गेल्या, तशाच परत आल्या. मी निघायचं बघत होतो, पण माझ्या चपला त्यांच्या पायाशी होत्या.

"थांबूया," बाई म्हणाल्या. "पण एका अटीवर. तुम्ही पोहायला शिकायचं. मला चांगलं पोहता येतं. मी शिकवते."

भाऊंची पळी हातातच राहिली. त्यांनी आधी माझ्याकडे संशयानं पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं.

"कधी कळलं तुम्हाला?" त्यांनी बाईंना विचारलं.

"लग्नाच्या आधी."

मी चपला घातल्या आणि निघून आलो. पुढचं मला सोमवारी नामानं सांगितलं. रविवारी भरतीला दोघं देवळामागच्या उथळ पाण्यात उतरली होती. मी विचारलं, मग, जमलं का भाऊंना?

"पवत कोन नव्हतं, सर," नामा म्हणाला. "गुडघ्याएवढं पानी. बाईंचा हात धरून भाऊ नुसतं उभं व्हतं. लय वेळ."