राखीव मेमरी आणि हंबीरराव

“आता ह्यो कॉम्प्युटर घोड्यागत पळला न्हाय, तर माझं नाव सोमशेखर न्हाय!”

साल २००६. कळंब्याजवळच्या एका दूध डेअरीत सोमशेखर कॉम्प्युटर सांभाळायचा. दुधाची नोंद करणारा प्रोग्रॅम त्यानंच लिहिलेला आणि चेअरमन खूश राहावेत म्हणून त्याला नावही त्यांचंच दिलेलं: हंबीरराव! पण ऐन सकाळच्या गर्दीत हा हंबीरराव अडकायचा.

नेट कॅफेत सोमशेखरनं वाचलं, की लिनक्सच्या कर्नेलला, म्हणजे मशीनच्या आतल्या कारभाऱ्याला, अडीअडचणीसाठी थोडी मेमरी मोकळी राखून ठेवायला सांगता येतं. थोडी? थोडीनं काय हुतंय! मशीनमध्ये सगळी मिळून २५६ एमबी. पठ्ठ्यानं त्यातली २४० राखून ठेवली! पाहुण्यांसाठी अख्खी पंगत अडवून घरच्यांना उपाशी बसवावं, तसला प्रकार!

कर्नेलला जागा पुरेना. त्यानं प्रोग्रॅम मारायला सुरुवात केली. त्यात सगळ्यात गलेलठ्ठ कोण? हंबीरराव!

रांगेतल्या कॉलेजवाल्या रक्षितानं वाकून पडद्यावरची ओळ मोठ्यानं वाचली, “आउट ऑफ मेमरी. किल्ड... हंबीरराव!”

“म्हंजे काय गं?” मागच्या चिमणाबाईनं विचारलं.

“हंबीररावास्नी मारलं म्हनं!”

“आगं बया ऽऽ!”

“मावशी, त्यो हंबीरराव न्हवं!” सोमशेखर ओरडला. पण चिमणाबाईच्या हंबरड्यापुढं कर्णा फिका पडला असता, तिथं सोमशेखरचं काय!

चेअरमन पहाटेच जोतिबाला गेलेले. मोबाइल लागेना. मग तर खात्रीच पटली! अर्ध्या तासात आवार भरलं. व्हाइस चेअरमन आकाराम हार घेऊनच आले. एवढ्या लवकर हार कुठनं मिळाला, ते कुणी विचारलं नाही.

इकडं दुधाचे कॅन उन्हात तापायला लागले. दूध नासलं तर गाव आपल्याला सोलणार!  सोमशेखरनं आत पळत जाऊन मशीन बंद केलं आणि पुन्हा चालू केलं.

बाहेर आकाराम हुंदका देत म्हणाले, “देवमानूस हुता! आता दोन मिनिटं शांत उभं ऱ्हावा.”

तेवढ्यात कपाळाला गुलाल लावलेले खुद्द हंबीरराव फाटकातून आत आले. सगळ्यांच्या माना खाली. त्यांनीही चपला काढल्या, मान खाली घातली आणि शेजारच्या परगावच्या टँकरवाल्याला हळूच विचारलं, “पावणं, कोन गेलं वो?”

“चेअरमन.”

“आरारा! कंच्या डेअरीचं?”

मशीन बंद होताच सोमशेखरनं घातलेला २४०चा आकडा पुसला गेला होता. प्रोग्रॅम सुरळीत सुरू झाला. सोमशेखर आनंदानं बाहेर धावला, “हंबीरराव उठलं! हंबीरराव चालू झालं!”

सगळ्यांनी वळून बघितलं, तर मागं हंबीरराव उभे! चिमणाबाई कॅनसकट मटकन खाली बसली. हातात हार, समोर चेअरमन. आकाराम पळणार कुठं? त्यांनी तो हार गपकन हंबीररावांच्या गळ्यात घातला.

“अभिनंदन, चेअरमन!”

“कशाबद्दल?”

आकारामनी गळ्यातला हार नीट केला.

“असल्याबद्दल!”