अज्ञात भाविकाची गाठ

तालुका कचेरीच्या अहवालातलं सहावं वाक्य असं आहे: ‘मंदिर, खाद्य व हस्तकला दर्शनाची एकदिवसीय सहल नियोजनानुसार पार पडली, विहारातील सुताबाबत एका अज्ञात भाविकाच्या अतिउत्साहामुळे किरकोळ गैरसमज झाला, तथापि पाहुण्यांनी सूतकताईत स्वयंस्फूर्तीने भाग घेतला.’

मी चाळीस वर्षं ताडपत्रं वाचण्यात घालवली आहेत. राजेलोकांनी आपल्या पराभवांना दिलेली देखणी नावं मला तोंडपाठ आहेत. पण एवढ्याशा जागेत एवढं असत्य दाटीवाटीने बसवण्याची कला त्यांच्या एकाही लेखनिकाला साधलेली नव्हती. तेव्हा हे वाक्य मी शिवण उसवावी तसं उसवणार आहे.

‘नियोजनानुसार’ हा शब्द आधी घेऊ. आमच्या बान नोंगफाई गावच्या विहारात भिक्षूंचा पावसाळी वर्षावास संपल्यावर त्यांना जे चीवर, म्हणजे वस्त्र, अर्पण होतं, ते एका दिवसात तयार व्हावं लागतं. सकाळी कापूस वेचायचा, मग पिंजायचा, कातायचा, विणायचा, रंगवायचा, शिवायचा. इतर गावं दुसऱ्या पहाटेपर्यंतची मुदत घेतात. आमचं गाव हट्टी. आमची मुदत सूर्यास्ताची. सूर्य बुडला की दान हुकलं, पुन्हा संधी वर्षाने. मागावर बसणाऱ्या खाममून मावशी एकाहत्तर वर्षांच्या. तीस चीवरं त्यांनी विणली, एकदाही सूर्याला जिंकू दिलं नाही. यंदाचं एकतिसावं शेवटचं होतं, कारण डॉक्टरांनी त्यांच्या पाठीची चित्रं पाहून माग बंद सांगितला होता.

नेमका हाच दिवस नायब अधिकारी वीरायुत यांनी बँकॉकच्या त्रेचाळीस पाहुण्यांसाठी निवडला. साडेनऊला विहारातली भित्तिचित्रं, दहाला कच्च्या पपईची कोशिंबीर कुटणे, अकराला ‘हस्तकलेचा जिवंत अनुभव’. भित्तिचित्रांवर बोलायला मला वीस मिनिटं दिली होती. ती आदल्या संध्याकाळी सात झाली, कारण कोशिंबिरीला वेळ कमी पडत होता. मी फक्त लेखी कळवलं की, पवित्र सूत आणि त्याचे विधी या विषयावरचा चारशे बारा पानांचा एकमेव ग्रंथ ज्याच्या नावावर आहे, तो मनुष्य आवारात हजर असताना विधीत चूक होणं अशक्य आहे. बाकी कचेरीने आपलं पाहावं.

आता ‘किरकोळ’. मावशींनी पहाटेपासून बायकांकडून कातून घेतलेलं सूत ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, म्हणून विहाराच्या खांबापासून बोधिवृक्षापर्यंत ताणलं होतं. चिकट भाताची खळ लावून ते उन्हात वाळत होतं. सगळ्या बायका मागच्या अंगणात बाण्याचं, म्हणजे आडव्या धाग्यांचं, सूत कातत होत्या, त्यामुळे ताण्यापाशी कुणीच नव्हतं. खांबाशी उरलेलं एक टोक दाराजवळ जमिनीवर लोळत होतं. पाहुणे आत आले तेव्हा मात्र ते लोळत नव्हतं. ते बुद्धमूर्तीच्या उजव्या मनगटाला बांधलेलं होतं. कोणी बांधलं, हा प्रश्न त्याच्या योग्य जागी येईल.

पुढे जे झालं ते आमच्या मुलखाखेरीज कुठे होणार नाही, कारण दुसऱ्याला अवघडल्यासारखं होईल असा प्रश्न विचारणं आमच्याकडे चोरीपेक्षा वाईट समजतात. मोठे भंते आले. मूर्तीच्या हातातून निघालेलं पांढरं सूत त्यांनी पाहिलं. त्यांना वाटलं, परित्राण पाठाची, म्हणजे सूत धरून म्हणायच्या रक्षामंत्रांची, ही तयारी कचेरीने केली आणि आपल्याला सांगायचं राहिलं. आता नाही म्हटलं तर पाहुण्यांदेखत साहेबांची मान खाली जाईल. ते बसले आणि त्यांनी पाठ सुरू केला. वीरायुतांना वाटलं, भंतेंनीच हा आशीर्वाद ठेवला आहे. विचारलं तर त्यांचा अपमान. त्यांनी पाहुण्यांना सुताखाली बसवलं. मीही हात जोडून बसलो आणि शेजारच्या बाईंना हळूच सांगितलं की सूत फार जाड आहे, पण हेतू शुद्ध आहे.

पाठ संपला. मनगटाला सूत बांधल्याशिवाय आशीर्वाद पुरा होत नाही, एवढं बँकॉकच्या माणसालाही कळतं. वीरायुतांनी कोशिंबिरीच्या टेबलावरची कात्री मागवली. प्रत्येकाला एक तुकडा. मग एकाला सासूसाठी हवा, एकाला गाडीच्या आरशासाठी, एका गृहस्थांना कुत्र्यासाठी. त्याला फिट्स येतात म्हणे. भंतेंनी कुत्र्यालाही नाही म्हटलं नाही. पंचवीस मिनिटांत ताण्याचे तीनशेहून अधिक तुकडे झाले आणि त्या प्रत्येकाला मिरचीचा वास येत होता.

तेवढ्यात मावशी ताणा वाळला का बघायला आल्या. झाडाला लोंबणारी हातभर दशी त्यांनी बोटांत धरली, मग त्रेचाळीस मनगटांवरून नजर फिरवली. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“माझा ताणा,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांनी वाटून घेतलात होय.”

वीरायुतांनी भंतेंकडे पाहिलं, भंतेंनी वीरायुतांकडे. दोघांच्याही चेहऱ्यावरून एकमेकांविषयीचा आदर हळूहळू उतरत गेला.

“वीरा, हे तू बांधलंस?”

“मी? मावशी, मला बुटाची नाडी बांधता येत नाही, बायकोला विचारा.”

भंते म्हणाले की ते आले तेव्हा सूत मूर्तीच्या हातात होतंच. तेव्हा या गोंधळात शास्त्र आणणं मला भाग पडलं. मी मूर्तीपाशी गेलो, चष्मा चढवला आणि गाठ तपासली. ती सामान्य गाठ नव्हती. तीन वेढे, त्यांतला मधला उलटा. मी सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं की हा प्रकार केवळ एका जुन्या पोथीत वर्णिलेला आहे. ही कुणा अडाण्याची करामत नव्हे. साऱ्या प्रांतात ही गाठ येणारी दोनच माणसं होती आणि त्यांपैकी एक गेल्या उन्हाळ्यात वारला.

मावशींनी मान हलवली. “बरं. आणि दुसरा कोण, गुरुजी?”

मी चष्मा उतरवून खिशात ठेवला.

‘स्वयंस्फूर्तीने’ या शब्दाबद्दल एवढंच सांगतो. मावशींनी आवाराचं फाटक लावून घेतलं, फाटकासमोर पाट टाकला आणि त्यावर बसून जाहीर केलं की मागच्या अंगणात अजून चार टोपल्या कापूस आहे, आणि पुरेसं सूत निघाल्याशिवाय बँकॉकची बस हलणार नाही. ‘हस्तकलेचा जिवंत अनुभव’ अकराऐवजी साडेअकराला सुरू झाला आणि साडेतीनपर्यंत कुणालाही उठू दिलं नाही. सासूसाठी सूत नेणाऱ्या गृहस्थांच्या हाताला फोड आले. वीरायुतांनी सरकी काढली. मला चरखा दिला.

“गुरुजी, पानं किती म्हणालात पुस्तकाची?” मावशींनी विचारलं.

“चारशे बारा.”

“त्यात चरखा कुठल्या पानावर आहे?”

नव्हता. माझं सूत कुठे केसासारखं तर कुठे करंगळीएवढं निघत होतं. मावशींनी ते दोनदा तोडून परत पिंजायला लावलं, तिसऱ्यांदा मात्र सूर्याकडे बघून तसंच घेतलं. चारनंतर त्या मागावर बसल्या त्या एकदाही पाठ न टेकता विणत राहिल्या, आणि उतरलेलं कापड बायका लगोलग रंगवून शिवत गेल्या. शेवटचा टाका पडला तेव्हा सूर्य शेताच्या बांधाला टेकलेला होता, बुडालेला नव्हता. चीवराच्या डाव्या कडेला दोरखंडासारखी एक पट्टी आहे. भंते ते नेसून चालतात तेव्हा किंचित डावीकडे कलतात. विचारलंच कुणी, तर म्हणतात, “ती बाजू विद्वान आहे.”

राहिला शब्द ‘अज्ञात’. वीरायुतांनी तो माझा मान राखण्यासाठी घातला, हे मला समजतं, आणि संताप त्याचाच आहे. ज्याची गाठ प्रांतात एकमेव, तो अज्ञात कसा? आणि मावशींचं एकतिसावं चीवर ज्याच्यामुळे जवळजवळ हुकलं, त्याचं नाव त्यांच्या नावाशेजारी कागदावर असायलाच हवं. म्हणून त्या संध्याकाळी मावशींनी विहाराच्या वहीत माझ्याकडून जे लिहून घेतलं, ते कचेरीने अहवालाला जोडावं. मजकूर असा:

“गाठ मी बांधली. सूत जमिनीवर लोळताना मला बघवलं नाही. ते कशाचं आहे हे विचारायला मागच्या अंगणापर्यंत वीस पावलं जावं लागलं असतं. मी गेलो नाही, कारण मला माहीत होतं.”