नानांची दुखणी

आमच्या धुळ्याच्या कॉलनीत नानांना ‘कसे आहात?’ असं विचारायची चूक फक्त नवा भाडेकरू करतो. मग तो अर्धा तास जिन्यातच अडकतो. नाना गुडघ्यापासून निघतात आणि गॅसेसमार्गे डाव्या कानातल्या शिट्टीपर्यंत पोचतात. ‘माझं तर विचारूच नका’ हे त्यांचं पालुपद. त्यानंतर ते सगळं सांगतात. प्रत्यक्षात एकाहत्तरीचे नाना भाजीच्या पिशव्या घेऊन तीन मजले चढतात आणि वरून मला धापा टाकताना बघतात.

हा सगळा सराव असतो, हे मला उशिरा कळलं.

नाना एका वेदनाशमन पथकाबरोबर हिंडतात. बरा न होणारा कॅन्सर असलेल्यांच्या घरी जायचं आणि निदान त्यांचा त्रास कमी करायचा, हे पथकाचं काम. गाडी चालवायला मीही जाऊ लागलो. सिस्टरकडे एक तक्ता असतो. दुखणं, मळमळ, धाप, झोप, उदासी, प्रत्येकाला शून्य ते दहा आकडा. त्यावरून डॉक्टर औषध ठरवतात. अडचण एवढीच, की आमच्याकडे पाहुण्याने काहीही विचारलं तरी उत्तर ठरलेलं: “बठ्ठं बरं शे,” म्हणजे सगळं बरं आहे. मध्यंतरी बाहेरून एक तज्ज्ञ आले. ‘बहुआयामी मूल्यमापन’ यावर दीड तास बोलले, शाल-श्रीफळ घेतलं आणि शिंदखेडा तालुक्यात फिरून शून्यांनी भरलेला तक्ता घेऊन आले. कागदावर अख्खा तालुका ठणठणीत होता.

नाना आकडा विचारतच नाहीत. तीस वर्षं ते वीज कार्यालयाच्या तक्रारखिडकीत बसले. “ओरडतो त्याचा फ्यूज गेलेला असतो,” ते सांगतात. “ज्याची तार तुटली, तो मागे गप्प उभा असतो.” म्हणून खाटेजवळ बसून ते स्वतःचंच रडगाणं लावतात. दहा मिनिटांत ते रुग्णाला असह्य होतं. “याले दुखनं म्हनतस का? माले इचार!” म्हणून एक आजी उसळल्या आणि सिस्टरचं पेन धावू लागलं.

गुलाबआबा मात्र हरेनात. आजार हाडांत पसरलेला, आणि नातीचं लग्न आठ दिवसांवर. “दुखतंय म्हटलं तर लगीन पुढे जाईल, म्हणून कबूलच करत नाहीत,” सुनेने दारातच सांगितलं. “जास्तीची गोळी दिली की थुंकतात.” आत आबा खाटेची कड मुठीत आवळून “शून्य” म्हणत होते.

नानांनी गुडघा काढला. गॅसेस काढले. कानातली शिट्टी तोंडाने वाजवून दाखवली.

“नाना,” आबा म्हणाले, “तू दवाखानामा भरती व्हय. मी बरा शे.”

सगळं घर हसलं. नाना हसले नाहीत. त्यांनी घरच्यांना बाहेर पाठवलं. मी दाराशी राहिलो.

“आबा,” ते हळू आवाजात म्हणाले, “बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही. काल अख्ख्या दिवसात मी एकच वाक्य बोललो. तेही दूधवाल्याशी. ‘उद्यापासून अर्धाच लिटर.’”

आबांची खाटेवरची मूठ सुटली.

“नऊ शे,” ते म्हणाले. “पोरेस्ले सांगू नको.”

“सांगणार. आणि तारीख हलणार नाही, हे त्यांच्याच तोंडून तुमच्यासमोर वदवून घेणार.”

तसंच केलं. औषध त्याच दिवशी वाढलं. हळदीला आबा अंगणात खुर्चीत बसून वरण-बट्टीला नावं ठेवत होते.

आता रोज संध्याकाळी सातला नानांचा फोन वाजतो. ते तो स्पीकरवर ठेवतात आणि आमच्यातली भिंत पातळ आहे.

“नाना, आज उदासीना आकडा कितला?”



“सहा असेल, आबा.”

“काल सात व्हता.”

“हो. आज जरा बरं आहे. आता तुमचा सांगा. खरा सांगा.”