आवाज क्रमांक दोन

पुढची अठरा वर्षं रेम्बेर्तो टेकडीवरच्या मामिताच्या, म्हणजे गावच्या मेरीमातेच्या, जत्रेत, गुडघ्यापर्यंतचे घुंगरांचे बूट घालून, चौकापासून चर्चपर्यंत नाचत जाणार, हे रविवारी दुपारी बावीस माणसांसमोर ठरलं. असं काही ठरलेलं नाही. निदान रेम्बेर्तो तसं धरून चालतो. आपणही तसंच धरू आणि गुरुवारपासून सुरुवात करू.

गुरुवारी सकाळी तो लग्नाच्या व्हिडिओची पहिली डिस्क घेऊन फोर्तुनाता आजीकडे गेला. आजी नव्वदीची. नातीच्या लग्नाला आठवडा उरला असताना कोंबडीमागे धावली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. कोंबडी सुखरूप आहे. लग्न हुकलं. फोनवर दाखवावं तर नात निल्दा तिला मुंगीएवढी दिसे. पण आजीकडे मोठा जुना टीव्ही होता, आणि मुलाने बुएनोस आइरेसहून पाठवलेला, त्याहून जुना डिस्क प्लेअर.

"मला केक नको, बँड नको," आजी म्हणाली. "पोरगी 'हो' म्हणाली, तेवढं या कानांनी ऐकू दे. मग मी सुटले."

ही जबाबदारी रेम्बेर्तोची, कारण तो लग्नाच्या व्हिडिओचा पाद्रिनो होता. त्या गावी लग्नात प्रत्येक गोष्टीची जबाबदारी उचलायला एक मानाचा पाद्रिनो लागतो. केकचा वेगळा, अंगठ्यांचा वेगळा. निल्दा आणि तिचा होणारा नवरा वाल्बेर्तो चिचाची, म्हणजे मक्याच्या दारूची, बादली घेऊन आले, रेम्बेर्तोने दोन तुंबे रिचवले, आणि मग त्यांनी विचारलं. चिचा पोटात गेल्यावर नाही म्हणता येत नाही. म्हणून तर आधी पाजतात. रेम्बेर्तोचं चौकात झेरॉक्सचं दुकान होतं. कागदाची नक्कल काढणाऱ्याला लग्नाचीही काढता येणारच, असं गावाचं मत पडलं होतं. तो पाद्रिनो आता जन्मभराचा. नवरा बदलता येतो, पाद्रिनो नाही.

प्लेअरने पहिली डिस्क चावली, कुरकुरला आणि 'वाचता येत नाही' असं लिहून ती बाहेर थुंकून मोकळा झाला.

"मलाही येत नाही," आजी म्हणाली. "म्हणून मी अशी थुंकते का?"

"फाइल नुसती डिस्कवर टाकून चालत नाही, आजी. प्लेअरला कळेल अशा रूपात आणावी लागते."

"मग आण. मी कुठे पळून चाललेय?"

शुक्रवारी चित्र आलं. आवाज नव्हता, आणि सगळी माणसं उभी ताणल्यासारखी, निलगिरीच्या झाडांसारखी बारीक. त्या वेळी वाल्बेर्तोची आई सुलेमाबाई, तिकडच्या बोलीत दोन्या सुलेमा, आजीसाठी सूप घेऊन आलेली होती. दोन्या सुलेमा म्हणजे मामिताला नाचण्याचा नवस बोललेल्यांच्या नृत्यमंडळीच्या अध्यक्षा. बाई अंगाने इतकी भरलेली, की मंडळीच्या फोटोत दोन जागा धरून बसे. ती टीव्हीसमोर थबकली.

"ही जांभळ्या घागऱ्यातली कोण रे?"

"तुम्हीच, दोन्या. रुंद चित्र चौकोनी टीव्हीत कोंबलं की बाजूंनी दबतं. तासाभरात सरळ करून आणतो."

"हात लावून बघ," दोन्या सुलेमा म्हणाली.

"पण वाल्बेर्तो बघा ना, काडीसारखा दिसतोय."

"काडीसारखा राहू दे. नवरदेवाकडे कोण बघतं?"

म्हणजे चित्राला हात लावायचा नाही असं ठरलं. राहिला आवाज. शनिवारी दुकानाचं शटर अर्धं ओढून रेम्बेर्तो संगणकासमोर बसला. कॅमेऱ्याने दोन आवाज टिपले होते. क्रमांक एक कॅमेऱ्याचा स्वतःचा. तो आजीच्या प्लेअरला पचत नव्हता. क्रमांक दोन कपड्याला लावायच्या, बोलणाऱ्याच्या तोंडाजवळचंच नीट टिपणाऱ्या छोट्या माइकचा. रेम्बेर्तोने तोच निवडला आणि डिस्क घेऊन धावत गेला. टीव्हीवर चर्चची घंटा इकडून तिकडे गेली आणि बरोबर त्याच क्षणी 'ठण्ण' झालं. चित्र आणि आवाज इतके जुळलेले, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"थांब! बंद कर!" आजी ओरडली. "पुढचं उद्या, सगळ्यांबरोबर."

तो थांबला. माइक कोणाच्या कपड्याला होता हे त्याला त्या वेळी आठवलं नाही. ठरलं होतं नवरदेवाच्या कोटाला लावायचं. पण कोट भाड्याचा, आणि दुकानदारीणबाईने टाचणीचं एक भोक दिसलं तर कोट तुमच्या गळ्यात, असं बजावलेलं. तेव्हा माइक घटकाभर म्हणून रेम्बेर्तोने स्वतःच्या कॉलरला लावला होता. ती घटका साडेचार तास चालली.

रविवारी आजीच्या खोलीत बावीस माणसं, मांडीवर शेंगदाण्याच्या सुपाच्या वाट्या. पाद्रिनोला पुढची खुर्ची. आजीने रिमोट शालीखाली घेतला आणि बटण दाबलं. घंटा वाजली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग टीव्हीतून, अगदी कानाशी बोलल्यासारखा, रेम्बेर्तोचा आवाज आला.

"लाल बत्ती कुठाय हिची? चालू आहे का बंद? मामिता, चालू असू दे गं. तीन वर्षं तुझ्यासाठी नाचतो."

खोलीत दोघे-तिघे हसले. आजी हसली नाही. तिने सुपाशेजारच्या भाजलेल्या मक्यातला एक दाणा उचलून ताटलीच्या कडेला ठेवला.

"बॅटरी लाल? आत्ताच? मामिता, वरात येईपर्यंत टिकव. आणखी तीन वर्षं."

दुसरा दाणा.

"आजी," रेम्बेर्तो म्हणाला, "रिमोट दे जरा. आवाज बिघडलाय."

"मला तर स्वच्छ ऐकू येतोय."

पडद्यावर जांभळ्या घागऱ्यातली बाई निलगिरीसारखी डौलात चर्चच्या दारातून आत आली. आवाज म्हणाला, "आल्या सुलेमाबाई. आता बाकी वऱ्हाड बाहेर काढा, म्हणजे एवढ्या तरी चौकटीत मावतील."

कोणाचाही चमचा हलला नाही. दोन्या सुलेमाने पडद्यावरच्या काटकुळ्या बाईकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या रेम्बेर्तोकडे. रेम्बेर्तोने वाटीत पाहिलं. त्याला सुपात उडी मारायची होती, पण वाटी लहान होती.

"दोन्या, ते मी... त्या दिवशी भिंग..."

"ऐकू दे मला," ती म्हणाली. "पुढे अजून असेल."

होतं. निल्दाच्या झग्याला मच्छरदाणी म्हटलेलं होतं. वाल्बेर्तोच्या मामाला 'हा फुकटचा प्यायला आलाय' म्हटलेलं होतं, आणि मामा नेमका शेजारीच बसला होता. मधेमधे भिंगावर वाफ धरली, पाय बाकावरून सरकला, कार्ड भरत आलं. दर वेळी मामिताला हाक आणि तीन वर्षं. ताटलीच्या कडेला पाच दाणे झाले. रेम्बेर्तोचे कान, मान आणि टक्कल एकाच रंगाचं झालं.

"पाद्रिनो," निल्दा दात आवळून म्हणाली, "माझा 'हो' कुठाय?"

पडद्यावर फादर पुस्तक उघडत होते. "मामिता," आवाज कुजबुजला, "एवढं एक नीट येऊ दे. म्हातारीला ऐकायचंय. आणखी तीन. आता गप्प, श्वाससुद्धा घ्यायचा नाही."

आणि त्याने खरोखरच घेतला नव्हता. टीव्हीतून काहीच येईना. फादरांचे ओठ हलले. पडद्यावरच्या उंच, बारीक निल्दाने मान वर केली. आजी पुढे वाकली, हात कानाला लावून. रेम्बेर्तोने डोळे मिटून घेतले. आयुष्यात त्याने एकदाच तोंड बंद ठेवलं होतं, ते नेमकं इथे.

"हो," निल्दा म्हणाली.

सुपाची वाटी हातात धरून, खोलीत, पडद्यावरच्या ओठांशी बरोबर ओठ जुळवून.

"हो," वाल्बेर्तो म्हणाला. तो किंचित उशिरा म्हणाला, पण चर्चमध्येही तो उशिराच म्हणाला होता.

टीव्हीतून एक लांब सुस्कारा आला.

आजीने डोळे पुसले. "जुळलं," ती म्हणाली. "लग्न लागलं." मग सहावा दाणा कडेला ठेवून तिने ताटली दोन्या सुलेमाकडे सरकवली. "सहा त्रिक अठरा. आता नवसाचं तू बघ."

दोन्या सुलेमाने दाणे शालीच्या टोकाला बांधले. "बूट किती मापाचे, पाद्रिनो?"

सोमवारी रेम्बेर्तोने दुकानात एक अर्ज टाइप केला, तीन प्रती काढल्या आणि एक नृत्यमंडळीच्या दाराखालून आत सरकवली. अर्ज असा:

"प्रति, माननीय अध्यक्षा, टेकडीवरच्या मामिताची नृत्यमंडळी. विषय: नवस रद्द होण्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर नवस हे तांत्रिक चुकीमुळे क्रमांक दोनच्या आवाजातून ऐकू आलेले असून, क्रमांक एकच्या आवाजात ते कुठेही आढळत नाहीत. तरी ते केलेच नाहीत असे समजण्यात यावे, आणि स्वतः मामितानेही ते ऐकले नव्हते अशी तिची लेखी पोच, सहीशिक्क्यानिशी, जत्रेपूर्वी अर्जदारास मिळावी, ही नम्र विनंती."