भालबाची खाज

एका जंगलात भालबा नावाचे अस्वल राहत होते. मुलांनो, पाय हलवू नका. ऐका.

मोहाची फुले पडली की बाकीची अस्वले ती खाऊन झिंगत. भालबा त्या झाडाखालून नाक दाबून जाई. त्याचा त्याला फार ताठा होता.

एकदा त्याच्या अंगाला खाज सुटली. करकोचा वैद्याने गोळ्या दिल्या.

"या गोळीने क्वचित एखाद्याच्या पोटातले स्वादुपिंड सुजते," वैद्य म्हणाला.

"मी एखादा नाही. मी भालबा."

खाज गेली. मग पोटात कळ आली. ती थेट पाठीत घुसली. भालबा ओकून ओकून आडवा झाला.

करकोच्याने त्याचे पोट चोचीने ठोकले. "स्वादुपिंड सुजलंय. मोह खाल्लात!"

"शिवलोसुद्धा नाही! तुमची ती गोळी..."

"गोळीने क्वचित होतं. मोहाने नेहमी होतं. नेहमीचं सोडून तुम्हाला क्वचितचं कशाला होईल?"

जमलेल्यांनी माना डोलावल्या. कोल्हा म्हणाला, "कबूल कोण करतं हो? मी तरी कोंबडी कुठं कबूल करतो?"

"आधी कबुली, मग उपचार," वैद्य म्हणाला. "तोवर गोळी चालू ठेवा."

भालबाने गोळी गिळली. पुन्हा ओकला. डोळे पांढरे झाले.

त्याची बायको गोदाक्का रडायला लागली. "अहो, जन्मभर नाक दाबलंत. आता श्वासच जायची वेळ आली. म्हणून टाका की खाल्ला!"

"खाल्ला," भालबा कण्हला.

"किती?"

"तुम्ही म्हणाल तितका."

वैद्य खूश झाला. "आता कडक उपास. घोटघोट पाणी. गोळीही बंद. मोह खाल्लेल्या पोटात माझी गोळी फुकट जाते."

तिसऱ्या दिवशी भालबा उठून बसला.

जंगलाने मोहाच्या झाडाखाली त्याचा सत्कार केला. मोह सोडणारे पहिले अस्वल म्हणून नारळ दिला. झिंगलेल्या अस्वलांनी सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या. वैद्याने भाषण केले, "माझ्या गोळीने आजवर कोणाला काही झालेलं नाही."

भालबाला पुन्हा खाज सुटली होती. तो मोहाच्या खोडाला पाठ घासत राहिला. नाक दाबायचे आता कारण नव्हते.

तात्पर्य: औषध कधी चुकत नाही. म्हणून वेळेला कबूल करता येईल असे एखादे व्यसन प्रत्येकाने जवळ बाळगावे. निर्व्यसनी रोग्याला बरे करणे वैद्याला जमत नाही.