काठोकाठ तांब्या

तात्या सुर्वे दिसले की मांडवीच्या नाक्यावरचे रिक्षावाले दुसरीकडे बघायला लागत. माणूस सज्जन, बोलायला गोड. पण रिक्षात बसताना मांडीवर काठोकाठ भरलेला पितळी तांब्या! रिक्षा थांबली की तात्या वाकून किती पाणी सांडलं ते बघणार आणि भर रस्त्यात निकाल लावणार.

"दहापैकी चार! अरे, ब्रेक दाबतोस की झुरळ मारतोस?"

तात्यांनी मुंबईत लिफ्टच्या कारखान्यात तीस वर्षं ब्रेक बनवले. निवृत्त झाल्यावर ते काकूंना घेऊन रत्नागिरीला आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायला आले. मी दुसऱ्या मजल्यावर. इमारतीत लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. बिल्डर 'येतेय, येतेय' म्हणायचा आणि आम्ही त्या जागेत सायकली ठेवायचो. काकूंचे गुडघे आणि कंबर दोन्ही कामातून गेलेले. दर मजल्यावर खुर्ची टाकून त्या एकदा वर गेल्या त्या गेल्याच. दोन वर्षांत खाली उतरल्या नाहीत.

"पळवायला काय लागतं, बाई?" तात्या मला जिन्यात गाठायचे. मी शाळेतून दमून आलेली, हातात वह्यांचा गठ्ठा. "थांबवून दाखवा! घट्ट धरायला कुणालाही येतं हो. हळू धरता आलं पाहिजे!"

हे वाक्य मी हजारदा तरी ऐकलं असेल. मग व्याख्यान सुरू. वीज असेपर्यंत लिफ्टचा ब्रेक उघडा राहतो. वीज गेली की स्प्रिंग त्याला धाडकन मिटवते. माणूस वाचतो, पण दणका बसतो. तात्यांना तो दणकाच काढून टाकायचा होता. आधी एक पट्टा चाकाला नुसता टेकला पाहिजे, मग दुसऱ्याने धरलं पाहिजे. आणि तेव्हा रत्नागिरीत वीज जायची म्हणजे काय विचारता! दोन हजार पाचच्या सुमाराची गोष्ट, लोडशेडिंगशिवाय दिवस मावळत नव्हता.

तात्यांनी लिफ्टच्या रिकाम्या जागेत दोरीवर लाकडी खोका टांगला, त्याला स्वतःचा ब्रेक बसवला. चाचणीला माझी डझनभर अंडी मागून नेली. दोन फुटली. संध्याकाळी काकूंनी करून दिलेलं ऑम्लेट घेऊन तात्या दारात उभे. "दहाच्या दहा पास, बाई! दोन नापास झाली ती खाऊन टाका."

एकदा मे महिन्यात घशाला कोरड पडली होती म्हणून जिन्यात ठेवलेला तांब्या मी सरळ तोंडाला लावला. थू थू! खारट मीठ!

"तात्या, हे समुद्राचं पाणी?"

"मग! खाऱ्या पाण्याला वजन जास्त. चाचणी पक्की होते." असं म्हणून ते घाईघाईने वर गेले. मी मराठी शिकवणारी; मला ते पटलं.

अखेर एकदाची लिफ्ट आली! तात्यांनी लिफ्टच्या कंपनीला पत्रं पाठवून पाठवून इतकं बेजार केलं, की त्यांनी कोल्हापूरहून एक इंजिनिअर धाडला. तो तात्यांची समजूत काढायला आला आणि त्यांचे नकाशे बघत तीन दिवस राहिला. ब्रेक तात्यांच्या नकाशाप्रमाणेच झाला. चाचणीच्या दिवशी सगळी इमारत जिन्यात उभी. लिफ्टमध्ये वाळूची पोती, मधोमध तात्या, हातात तांब्या. लिफ्ट खाली येत असताना इंजिनिअरने मेन स्विच ओढला. लिफ्ट जागच्या जागी थांबली. तीन थेंब सांडले. आम्ही टाळ्यांचा कडकडाट केला.

"नापास," तात्या म्हणाले.

इंजिनिअरने हात जोडले. पण नाहीच! पुढे महिनाभर स्प्रिंगा बदलणं चाललं. मग एके दिवशी एकही थेंब सांडला नाही आणि साठी उलटलेले तात्या पॅसेजमध्ये चक्क नाचले.

आता राहिल्या काकू. त्या लिफ्टमध्ये पाऊल टाकायला तयार नव्हत्या. तात्या जेवेनासे झाले. शेवटी मीच वर गेले.

"मुंबईत वीज गेली तेव्हा मी लिफ्टमध्ये होते गो," काकू म्हणाल्या. "दणक्याने आपटले. कंबर गेली ती तेव्हाच. लिफ्ट पडली नाही, ब्रेकने धरली. पण ब्रेक होता यांच्या हातचा. ते यांना अजून विसरता येत नाही."

कोपऱ्यात परात होती, तळाला थोडी वाळू.

"इथे आले ती समुद्रात पाय बुडवायला. ते तर जमत नाही. म्हणून हे रोज तांब्याभर समुद्र आणतात नि परातीत ओततात. मी पाय ठेवून बसते."

"काकू," मी म्हटलं, "उठा. आत्ताच्या आत्ता. मी येते बरोबर."

काकू लिफ्टमध्ये आल्या. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात तात्यांची बाही, डोळे गच्च मिटलेले. तात्यांनी बटण दाबलं. तिसरा मजला गेला, दुसरा गेला, पहिला गेला. लिफ्ट तळाशी येऊन थांबली.

"अहो, सुरू करा ना एकदाची!" काकू डोळे मिटूनच करवादल्या. "किती वेळ उभं राहायचं माणसाने?"

मीच जाळीचं दार सरकवलं. "काकू, खाली आलोय आपण."

काकूंनी डोळे उघडले. समोर सायकली, फाटक, रस्ता. त्यांनी तांब्यात बघितलं. काठोकाठ.

"दहापैकी?" तात्यांनी कसंबसं विचारलं.

"ते मग बघू. आधी किनाऱ्यावर चला. हा समुद्र त्याच्या जागी ठेवून येऊ."

तात्यांनी तांब्या स्वतःकडे घेतला, दुसऱ्या हाताने काकूंना धरलं. दोघं निघाली. काकूंना सावरता सावरता फाटकापर्यंत निम्मा तांब्या सांडला. तात्यांनी खाली बघितलंसुद्धा नाही.