शेवाळाचं फिनॉल

बाटलीवर चिठ्ठी लावण्यात माझा हात कोणी धरणार नाही! आमच्या प्रयोगशाळेत बाकीचे लोक 'अ-३' असं काहीतरी खरडतात आणि आठवड्याने स्वतःच डोकं खाजवत बसतात. मी मात्र स्वच्छ मराठीत, ठळक अक्षरात लिहितो. साफसफाईच्या मावशींनाही वाचता यावं, म्हणजे घोळ व्हायला नको, असा माझा दूरदर्शी विचार! त्याच विचाराने माझा घात केला.

मी आठ वर्षं पीएचडी करतोय. विषय, समुद्रातल्या तपकिरी शेवाळातून फिनॉल जातीची द्रव्यं वेगळी काढणं. हे शेवाळ खडकावर ऊन आणि लाटांचा मार खात वाढतं, आणि जीव जपायला अंगात फिनॉल साठवतं. ते काढायचं म्हणजे शेवाळ धुवा, सावलीत वाळवा, दळा, अल्कोहोल-पाण्यात अंधारात भिजवा, गाळा, पुन्हा भिजवा, पुन्हा गाळा, मग हलकेच अल्कोहोल उडवून लावा. उजेड लागला की बिघडतं, उष्णता लागली की बिघडतं, मी नुसतं प्रेमाने पाहिलं तरी बिघडतं! बारा दिवसांनी हाती लागतो लिटरभर तपकिरी अर्क. त्यात एक पिवळं रसायन घालायचं. फिनॉल जितकं जास्त, तितका रंग निळा. त्या निळ्याचा आकडा मिळाला की माझं शेवटचं प्रकरण पुरं.

आणि माझ्या मार्गदर्शक मॅडम महिनाअखेरीला निवृत्त होणार. त्याआधी त्यांची सही झाली नाही, तर नवे मार्गदर्शक, नवा विषय आणि मी पुन्हा पहिलीत!

त्या दिवशी अर्क तयार झाला. फ्रिजमध्ये जागा नव्हती, म्हणून जेवून येईपर्यंत बाटली बेसिनखालच्या गार कपाटात ठेवली. वर झोकात चिठ्ठी लावली, 'शेवाळाचे फिनॉल'.

अर्ध्या तासाने येऊन बघतो, तर कपाट रिकामं!

"मावशी, इथली बाटली?"

"ती होय? संपली की!" मावशी एकदम प्रसन्न. "बरं झालं दादा, तुम्ही तरी आणलंत. मागच्या बोळात शेवाळ धरलंय म्हणून चार महिने कोकलतेय मी. परवा मॅडम पडता पडता वाचल्या. पण इथे ऐकतंय कोण!"

"अहो, पण ते शेवाळाचं फिनॉल..."

"तेच की! शेवाळाचं फिनाईल. तुमचं अक्षर लगेच ओळखलं मी."

 शेवाळातून काढलेलं तेही शेवाळाचं, आणि शेवाळावर ओतायचं तेही शेवाळाचंच! आता भांडणार कोणाशी? व्याकरणाशी?

"अख्खी बाटली ओतलीत?"

"छे! काटकसरीने, बादलीभर पाण्यात घालून."

बादलीच्या तळाशी तांब्याभर गढूळ पाणी उरलं होतं. मी ती हिसकावून आत पळालो. गाळलं. चार वेळा गाळलं. पिवळं रसायन घातलं. आणि काय सांगू! असा गडद निळा रंग आठ वर्षांत पाहिला नव्हता. यंत्रावर नेहमीच्या चौपट आकडा!

"चौपट?" मागून मॅडमचा आवाज आला. "अरे, मग झालं की तुझं काम! आण ते कागद."

त्यांनी पेन उघडलंसुद्धा. मी तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण बारा दिवस धड झोप नव्हती, आणि ते उघडं पेन फार सुंदर दिसत होतं हो! मी गप्प बसलो. लाज वाटते, पण बसलो.

"फक्त पद्धत सांग. या वेळी नवीन काय केलंस?"

"नळाचं साधं पाणी, मॅडम," दारातून उत्तर आलं. मावशी बादली न्यायला आल्या होत्या. "बोळात शिंपडलं नि खराट्याने घासलं. पण दादांचं फिनाईल अगदीच मिळमिळीत, वासच नाही! म्हणून बादलीत वरून आपलं नेहमीचं घातलं, चांगली चार झाकणं."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. नेहमीच्या फिनाईलनेही रंग निळा होतो, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

"म्हणजे आठ वर्षांतला तुझा सगळ्यात चांगला आकडा संडासाच्या फिनाईलचा."

"मॅडम, मी..."

"शेवाळ उरलंय?"

"फ्रीझरमध्ये एक पिशवी. शेवटची."

"माझे एकोणीस दिवस उरलेत. ऊठ."

आणि साठीच्या बाई कोट चढवून स्वतः शेवाळ धुवायला उभ्या राहिल्या. मला रडूच आलं. मावशींनी न मागता नळ सोडून दिला.

संध्याकाळी बायकोला फोन केला. "अगं, आता फक्त बारा दिवस!"

"बारा?" ती म्हणाली. "गेल्या वर्षी दहा म्हणाला होतास."

खरं तर आठ म्हणालो होतो. पण तिची चूक दुरुस्त करण्याइतकंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं.